पुड्यावर छापलेला धर्मादाय



जुन्या पेठांतील एखाद्या घाऊक व्यापाऱ्याचें किंवा आडत्याचें बिल ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांना त्याच्या तळाशीं असणारी एक ओळ आठवत असेल. मालाची किंमत, हमाली, तोलाई, अडत असा सगळा हिशेब मांडून झाल्यावर शेवटीं ‘धर्मादाय’ या नांवाखालीं कांहीं आणे-पै लावलेले असत. गोशाळा, पांजरपोळ, धर्मशाळा, पाणपोई अशा कामांसाठीं ती रक्कम बाजूला काढावयाची, अशी व्यापारांतील वहिवाट होती. रक्कम क्षुल्लक असे आणि ती देण्याविषयीं गिऱ्हाइकाला कोणी विचारीतहि नसे. परंतु ते पैसे दुकानदाराचे नव्हेत, एवढी गोष्ट देणारा आणि घेणारा या दोघांनाहि पक्की ठाऊक असे.

ती ओळ आतां बिलावरून उठून पुड्यावर येऊन बसली आहे. मिठाची पिशवी, कपडे धुण्याची पूड, मुलांच्या वह्या, कांहींहि घ्या. नामांकित मार्क्याच्या मालावर, ‘या खरेदींतील कांहीं भाग मुलांच्या शिक्षणासाठीं’ अशा आशयाचा मजकूर केव्हां ना केव्हां आपल्या वाचनांत आलेलाच असतो. दोन सारख्या किमतीच्या वस्तूंपैकीं असा मजकूर असलेली वस्तु उचलावी असें गृहिणीला वाटतें, आणि त्यांत वावगें कांहीं नाहीं. प्रश्न एवढाच कीं, हा पैसा कोणाचा, तो किती, आणि तो पोंचल्याचें आपल्याला कसें कळावें? पुडे दिसावयाला सारखे असले तरी त्यांच्यामागील व्यवहार एका जातीचे नसतात. आजच्या भाषणांत मला तो भेद उलगडून सांगावयाचा आहे.

ही चाल आली कोठून तें आधीं पाहूं. वस्तु विकून परोपकारासाठीं पैसा उभारण्याची कल्पना तशी जुनीच आहे. १९४९ सालीं चेकोस्लोव्हाकियांतील सात वर्षांच्या एका मुलीनें काढलेल्या चित्रावरून युनिसेफनें पहिलें शुभेच्छापत्र काढलें, आणि पुढें तीं पत्रें जगभर विकलीं गेलीं. आपल्याकडे १९७९ सालीं रिपन कपूर व त्यांचे मित्र यांनीं मुंबईस ‘क्राय’ ही संस्था स्थापिली. तिचीं भेटकार्डें व दिनदर्शिका पुण्यामुंबईच्या कितीतरी घरांत नेमानें येत असत. परंतु तेथें संस्था स्वतः दुकानदार झालेली होती. दुकानदारानें दात्याची भूमिका घ्यावी, आणि तीहि गिऱ्हाइकाच्या प्रत्येक खरेदीला बांधून घ्यावी, हा प्रकार अमेरिकेंत १९८३ सालीं गाजला. अमेरिकन एक्स्प्रेस कंपनीनें जाहीर केलें कीं, आमचें कार्ड वापरून केलेल्या प्रत्येक व्यवहारामागें एक सेंट व प्रत्येक नव्या कार्डामागें एक डॉलर स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या डागडुजीसाठीं देऊं. त्यांतून सुमारे १७ लाख डॉलर जमले. कार्डाचा वापर मात्र त्या काळांत पूर्वींपेक्षां २८ टक्क्यांनीं वाढल्याचें सांगितलें जातें. पुतळा दुरुस्त झाला आणि धंदाहि वाढला! तेव्हांपासून व्यापारी जगाला या युक्तीचें महत्त्व पटलें.

आपल्या देशांत तिचे मासले पुष्कळ झाले. २००२ सालीं टाटा मिठानें कांहीं मुदतीपुरती अशी योजना आखली कीं, विकल्या जाणाऱ्या प्रत्येक किलोमागें दहा पैसे मुलांच्या शिक्षणासाठीं ‘क्राय’ला द्यावयाचे. २००५ सालीं प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीनें ‘शिक्षा’ नांवाचा उपक्रम सुरू केला. तिच्या घरोघर जाणाऱ्या मालाचे पुडे त्या शाळांच्या कामाशीं जोडले गेले. आयटीसीच्या ‘क्लासमेट’ वह्यांवर, चार वह्यांमागें एक रुपया ग्रामीण विकासाच्या कामाला दिला जाईल, असा मजकूर असे. हें शेवटचें वचन मला त्यांतल्या त्यांत बरें वाटतें, कारण त्यांत आंकडा आहे. दोन शाळकरी मुलें असलेल्या घरांत वर्षाकाठीं चाळीस वह्या लागल्या, तर त्या घराच्या निमित्तानें दहा रुपये गेले, हें आईला बोटांवर मोजतां येतें. ‘कांहीं भाग’ या दोन शब्दांचा असा हिशेब कोणालाच करतां यावयाचा नाहीं.

दहा रुपये किंवा दहा पैसे म्हणजे कांहींच नव्हे, असें म्हणून मात्र नाक मुरडूं नये. लहान नाण्याची ताकद काय असते याचा पुरावा आपल्या अगदीं जवळ, तळेगांव दाभाडे येथें आहे. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर अंताजी दामोदर काळे नांवाच्या एका शिक्षकानें अशी कल्पना मांडली कीं, प्रत्येक माणसानें देशी उद्योगधंद्यांसाठीं वर्षाला एक पैसा द्यावा. त्या वेळचा पैसा म्हणजे रुपयाचा चौसष्टावा भाग. म्हणजे चौसष्ट माणसें मिळून एक रुपया! लोकमान्य टिळकांनीं या पैसा फंडाची पाठ राखली, आणि १९०८ सालीं त्याच निधींतून तळेगांवीं कांचेचा कारखाना उभा राहिला. जपानांत व अमेरिकेंत कांचेचें शास्त्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांच्याकडे तेथील काम सोंपविण्यांत आलें. तो कारखाना जेवढा कारखाना होता तेवढीच शाळाहि होती. तेथें शिकलेले कारागीर पुढें देशांतील इतर कांच-कारखान्यांत गेले. पिंपरी, चिंचवड, चाकण हीं नांवें कारखान्यांशीं जोडलीं जाण्याच्या कितीतरी आधीं या मावळपट्टींत यंत्रशिक्षणाचें जें बीज पडलें, तें असें पैशा-पैशानें पडलेलें आहे.

परंतु पैसा फंडाचा पैसा आणि पुड्यावरील पैसा यांत एक अंतर आहे. फंडाला पैसा देणाऱ्याच्या हातांत त्याबद्दल कांहींहि पडत नसे. देणें तें निव्वळ देणें होतें. फंड कोणता, तो कशासाठीं, हें देणाऱ्याला ठाऊक होतें, आणि त्या पैशाचें काय झालें तें विचारण्याचा अधिकार त्याच्याकडे होता. पुड्यावरील पैसा आपण देतों असें आपल्याला वाटतें खरें. पण कायद्याच्या दृष्टीनें तो आपण दिलेलाच नसतो. आपण मिठाची किंमत देतों. ती किंमत हातीं आल्यावर कंपनी आपल्या गल्ल्यांतून कांहीं देते. पावती तिच्या नांवें होते, आयकरांत मिळावयाची सवलत असली तर ती तिलाच मिळते, आणि वार्षिक अहवालांत दानाचा आंकडाहि तिच्याच खातीं पडतो.

हा भेद केवळ तार्किक नाहीं. बिलावरील जुन्या धर्मादायाला आपल्या राज्याच्या कायद्यानें फार मानाचें स्थान दिलेलें आहे. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० सालीं झाला. तोच आज महाराष्ट्राच्या नांवानें ओळखला जातो. त्याच्या ५४ व्या कलमांत असें सांगितलें आहे कीं, व्यापाराच्या वहिवाटीप्रमाणें किंवा उभयपक्षीं ठरल्याप्रमाणें धर्मादाय म्हणून जी रक्कम गिऱ्हाइकाकडून घेतली जाईल, ती घेणाऱ्याच्या हातीं विश्वस्त या नात्यानें राहील. आणि हिशेबाचें वर्ष संपल्यापासून तीन महिन्यांच्या आंत त्यानें तिचा हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयास सादर केला पाहिजे. हाथरस येथील बिजली कॉटन मिल्स या गिरणीच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानेंहि हेंच तत्त्व उचलून धरलें. गिरणी सुताच्या विक्रीवर धर्मादा आकारीत असे. आयकर खात्याचें म्हणणें कीं हें गिरणीचें उत्पन्न. १९७९ सालच्या निवाड्यांत प्रसिद्ध झालेल्या त्या निकालाचा मथितार्थ असा कीं, जी रक्कम मुळांतच धर्मकार्यासाठीं म्हणून घेतली, ती व्यापाऱ्याची कधीं झालीच नव्हती.

तेव्हां पहिला प्रश्न सुटला. मोठ्या दुकानांत पैसे चुकते करतांना ‘अमुक कार्यासाठीं पांच रुपये अधिक देतां काय?’ असें विचारून ते वेगळे लावले, तर तो जुना धर्मादायच झाला. तो पैसा तुमचा, आणि दुकान केवळ पोंचविणारें. उलट, ‘आमच्या विक्रींतून आम्ही देऊं’ असें म्हटलें, तर तें वचन झालें. वचनाला तारण असतें तें फक्त वचन देणाऱ्याच्या प्रामाणिकपणाचें, आणि वचन ज्या शब्दांत दिलें त्या शब्दांचें.

त्या शब्दांना किती जपावें लागतें हें अमेरिकेंतील एका गोष्टीवरून दिसून येईल. जनरल मिल्स या कंपनीचें योप्ले नांवाचें दही तिकडे डब्यांतून विकलें जातें. १९९९ सालीं कंपनीनें जाहीर केलें कीं, डब्याचें झाकण धुवून आमच्याकडे पाठवा, प्रत्येक झाकणामागें आम्ही स्तनाच्या कर्करोगावरील संशोधनाला ५० सेंट देऊं. लोकांनीं टपालखर्च सोसून सुमारे ९४ लाख झाकणें पाठविलीं. सरळ गुणाकार केला तर ४७ लाख डॉलर व्हावयास हवे होते. परंतु बारीक अक्षरांत एक मर्यादा घातलेली होती: एकंदर देणगी एक लाख डॉलरांहून अधिक नाहीं. म्हणजे पहिल्या दोन लाख झाकणांनंतर आलेलें प्रत्येक झाकण फुकट गेलें. जॉर्जिया राज्याच्या महाधिवक्त्यानें या गोष्टीला हरकत घेतली, तेव्हां कंपनीला आणखी कांहीं हजार डॉलर द्यावे लागले. कंपनीनें खोटें छापलें होतें असें म्हणतां येत नाहीं. कोठें संपतें तें मात्र ठळक छापलें नव्हतें, एवढेंच.

मर्यादा घालणें हा अपराध नव्हे, हेंहि येथें सांगितलें पाहिजे. कोणत्याहि व्यापाऱ्याला आपण किती देणार याचा अंदाज आधीं बांधावा लागतो. परंतु मर्यादा ठरलेली असेल, तर त्यापुढील माझ्या खरेदीनें त्या कार्याला एक छदामहि मिळत नाहीं; आणि देणगीची रक्कम आधींच ठरून गेली असेल, तर मी तो पुडा घेतला काय आणि शेजारचा घेतला काय, शाळेंतील मुलाच्या दृष्टीनें सारखेंच. फरक पडतो तो दुकानाच्या फळीवर.

याहून निराळी अशी एक तिसरीहि तऱ्हा आहे, आणि गंमत अशी कीं तिच्याविषयीं पुड्यावर बहुधा एक अक्षरहि नसतें. ती म्हणजे धंद्याची मालकीच धर्मादाय संस्थेकडे असणें. अमेरिकेंत पॉल न्यूमन या नटानें १९८२ सालीं खाद्यपदार्थांचा धंदा काढला आणि त्याचा सगळा नफा परोपकाराला द्यावयाचा असें ठरविलें. त्यांतून आजवर ५० कोटी डॉलरांहून अधिक रक्कम वांटली गेली आहे. आपल्याकडील उदाहरण त्याच्याहून कितीतरी जुनें आणि अवाढव्य आहे. टाटा सन्स या मूळ कंपनीचे सुमारे ६६ टक्के भाग टाटांच्या धर्मादाय विश्वस्त निधींच्या मालकीचे आहेत. त्यांपैकीं सर रतन टाटा निधि १९१९ सालचा व सर दोराबजी टाटा निधि १९३२ सालचा. मुंबईचें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं उघडलें, तें याच पैशांतून. पुढें तें सरकारच्या हवालीं झालें, आणि महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतील किती घरांनीं त्याचा जिना चढला असेल याची गणती नाहीं. पिंपरी-चिंचवडमधील टाटा मोटर्सच्या कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या गाडीवर यांतील कांहीं लिहिलेलें नसतें. अर्थात् तेथेंहि हिशेब सरळ नाहीं: त्या कंपनींत मूळ कंपनीचा वाटा निम्म्याहून कमी, त्यावर लाभांश जाहीर झाला तर तो मूळ कंपनीकडे, आणि तिनें पुढें वाटलेल्या लाभांशांतून विश्वस्त निधींकडे. गाडी घेणाऱ्यानें आपण रुग्णालय बांधलें असें समजण्याचें कारण नाहीं. तरीपण ही वाट एका हंगामाच्या जाहिरातीबरोबर सुरू होऊन तिच्याबरोबर बंद पडणारी नव्हे, हा तिचा मोठा गुण.

आतां कारखान्यांच्या पट्ट्याकडेच वळलों आहों, तर तेथील एका गांवाच्या बाजूनें हा प्रश्न पाहूं. चिखली हें इंद्रायणीच्या कांठचें गांव १९९७ सालीं पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेंत आलें. शेजारीं तळवडें, पलीकडे मोशी, नदीपार थोड्या अंतरावर चाकण, चोहोंकडे कारखाने. घराघरांत जाणाऱ्या मार्क्यांचा पैसा अशा गांवाला कोणत्या वाटेनें मिळतो? पुड्यावरील वचनाच्या वाटेनें मिळेल असा भरंवसा नाहीं, कारण तेथें कार्य व ठिकाण दोन्ही कंपनी आपल्या मर्जीनें निवडते. मिळतो तो बहुतेक कायद्याच्या वाटेनें. कंपनी कायदा, २०१३ याच्या १३५ व्या कलमाप्रमाणें, ठरलेल्या मर्यादेपेक्षां मोठ्या कंपनीनें मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे निदान दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्च करावे लागतात. १ एप्रिल २०१४ पासून हा नियम अमलांत आहे. ज्या भागांत आपला धंदा चालतो त्या भागाला खर्चांत प्राधान्य द्यावें, असेंहि कायदा सांगतो. शाळेची इमारत, दवाखाना, नदीकांठचें काम, यांसाठीं चिखलीसारख्या गांवानें आधीं हात पुढें करावा तो याच कलमाच्या आधारें. तेथें गांव याचक नसतें.

या कायद्याच्या नियमांत एक तरतूद अशी आहे कीं ती प्रत्येक गृहिणीनें लक्षांत ठेवण्यासारखी आहे. आपल्या मालाच्या विक्रीला लाभ व्हावा म्हणून एखाद्या कार्याला दिलेलें प्रायोजकत्व या दोन टक्क्यांत धरतां येत नाहीं. म्हणजे पुड्यावरील दानाविषयीं कंपनीला एक साधा प्रश्न विचारतां येतो: हें कायद्याच्या दोन टक्क्यांतलें, कीं त्यावरचें? त्यांतलेंच असेल, तर तें मी पुडा न घेतां हि द्यावेंच लागलें असतें, मग माझ्या खरेदीचा त्याच्याशीं संबंध कशाला जोडतां? आणि त्यावरचें असेल, तर शाबास. किती आणि कोणाला, तेवढें सांगा.

कर्तव्याला दानाचा पोशाख चढविण्याचा आणखी एक प्रकार चिखलीलाच चांगला दिसला असता. तेथील कुदळवाडींत भंगार मालाच्या वखारींची मोठी वस्ती होती. फेब्रुवारी २०२५ मध्यें महानगरपालिकेनें तेथील हजारों बांधकामें पाडलीं. तोंवर शहरांतील रिकामे पुडे, बाटल्या, पिशव्या यांची वर्गवारी करण्याचें मळकट काम तेथें चालत असे. पर्यावरणाला हातभार लावल्याचें सांगणारा पुडाहि शेवटीं अशाच एखाद्या ढिगांत जाऊन पडतो. प्लॅस्टिक कचऱ्याविषयींच्या २०१६ सालच्या नियमांनीं, आपल्या वेष्टनांचा कचरा परत गोळा करविण्याची जबाबदारी उत्पादकांवर व मार्क्याच्या मालकांवर टाकलेली आहे. तेव्हां ‘आम्ही रिकाम्या बाटल्या वेंचतों’ असें एखाद्या मार्क्यानें मोठ्या अक्षरांत सांगितलें, तर त्याचें अभिनंदन करावें. पण कर भरणाऱ्याचें करतों तितपतच.

इतकें बोलल्यावर, असा माल घ्यावा कीं घेऊं नये, असें कोणी विचारील. घ्यावा, माल चांगला असेल व भाव वाजवी असेल तर अवश्य घ्यावा. माझें म्हणणें एवढेंच कीं, पुडा पिशवींत टाकतांना आपलें वर्षाचें देणें मनांतल्या मनांत फेडून टाकूं नये. पूर्वीं ज्या घरांतून अनाथ विद्यार्थिगृहाला, वाचनालयाला, अंधशाळेला नेमानें वर्गणी जात असे, त्या घरांतील ती वर्गणी थांबली आणि तिच्या जागीं साबणाच्या वडीमागचे चार-दोन पैसे आले, तर संस्थेच्या खातेवहींत मोठी तूट येते. वर्गणीदाराला संस्थेचा अहवाल येत असे, आणि सभेला जाऊन तो चार प्रश्न विचारूं शकत असे. वडी घेणाऱ्याला असा अहवाल कोण पाठविणार?

प्रश्न विचारण्याची सोय मात्र आहे, आणि ती वापरली पाहिजे. पुड्यावर चार गोष्टी शोधाव्या: नगामागें किती, कोणत्या तारखेपर्यंत, एकंदर मर्यादा किती, आणि घेणारी संस्था कोणती. संस्थेचें नांव असलें तर काम सोपें होतें. महाराष्ट्रांत नोंदलेल्या सार्वजनिक विश्वस्त संस्थेला आपले तपासलेले हिशेब दरसाल सादर करावे लागतात, आणि अमुक मार्क्याकडून अमुक रक्कम आली काय, हें तिला पत्र लिहून विचारतां येतें. कंपनीकडे विचारावयाचें तर पुड्यावर ग्राहकसेवेचा पत्ता छापलेला असतोच. उत्तर आलें नाहीं, किंवा आलेलें उत्तर पुड्यावरील मजकुराशीं जुळलें नाहीं, तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडविणारी जाहिरात त्यानें दिशाभूल करणारी ठरविली असून, अशा प्रकरणीं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला दहा लाख रुपयांपर्यंत, आणि तोच गुन्हा पुन्हा घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करतां येतो. पुण्यास १९७४ सालीं बिंदुमाधव जोशी यांनीं ग्राहक पंचायतीचें काम सुरू केलें तेव्हां असें कांहीं हातांत नव्हतें. आतां राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा १९१५ हा क्रमांक फिरविला तरी तक्रार नोंदविली जाते. फक्त तत्पूर्वीं रिकामा पुडा केरांत टाकूं नये. तो सपाट करून, खरेदीच्या पावतीसह, खणांत ठेवावा. वचन कोणत्या शब्दांत दिलें होतें, याचा लेखी पुरावा तेवढाच असतो.